गैरहजर माणसाची जमीन



सप्टेंबर महिन्यात मराठवाड्यात व्याख्यान म्हटलं की विषय बहुधा ठरलेला असतो. मुक्तिसंग्राम, सरहद्दीवरचे कॅम्प, स्वामी रामानंद तीर्थ, १७ सप्टेंबर. मीही त्याच दिवसांपासून सुरुवात करणार आहे, फक्त तहसील कचेरीच्या बाजूने. महसुली दावे चालवण्यात माझी हयात गेली. त्यामुळे इतिहासाकडे बघताना लढाई कोण जिंकलं याआधी माझ्या मनात येतं ते हे, की लढाईच्या वर्षी पाहणीपत्रकात कब्जेदार म्हणून कुणाचं नाव लागलं?

आपल्याकडे जमिनीचा हक्क कागदावर असतो असं शहरातली माणसं समजतात. बीडच्या शेतकऱ्याला ठाऊक आहे की हक्क बांधावर असतो आणि कागद त्याच्या मागून चालत येतो. कोण पेरतो, कोण काढतो, शेतसाऱ्याची पावती कुणाच्या नावची, पंचनाम्यात शेजारी कुणाचं नाव सांगतात, या गोष्टींतून मालकी उभी राहते. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा त्यातूनच आली आणि ती न्यायाची होती, याबद्दल माझ्या मनात संशय नाही. कुळांना तिने जमीनदारांच्या तावडीतून सोडवलं. पण त्या घोषणेला एक माणूस दिसतच नाही. ज्याला कसायचं होतं, पण जिवाच्या भीतीनं गाव सोडावं लागलं, तो. त्याचं वावर दुसऱ्यानं कसलं. मग जमीन कुणाची?

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की आपला जमिनीचा सगळा कायदा हजेरीवर उभा आहे आणि संघर्ष माणसाला गैरहजर करतो. कायदा ती गैरहजेरी त्याच्याच खात्यावर मांडतो.

आता १९४८. रझाकारांच्या धास्तीनं हैदराबाद संस्थानातली कितीतरी कुटुंबं हद्द ओलांडून नगर, सोलापूर, बार्शीकडे गेली. बीड जिल्ह्याची पश्चिम कड नगरला भिडलेली, आष्टी तालुका तर जवळजवळ नगरमध्येच घुसलेला. बैलगाडीत बसेल तेवढा संसार घ्यायचा आणि उभं पीक सोडून निघायचं. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत पोलीस कारवाई झाली, निजामाचं राज्य संपलं आणि ही माणसं परतली. त्यांची गैरहजेरी काही महिन्यांची होती. परत येताना राज्य त्यांच्या बाजूचं होतं, गावातला पाटील-पटवारी ओळखीचा होता. शिवारात त्यांचं नाव पुसलं जायला वेळच मिळाला नाही.

त्यानंतर दुसरं स्थलांतर झालं. त्याबद्दल आपण व्याख्यानमालांत फार बोलत नाही. पोलीस कारवाईनंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यातल्या मुसलमान वस्त्यांवर हल्ले झाले. त्याची पाहणी करायला केंद्र सरकारनं पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाठवलं. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात ते संस्थानच्या १६ पैकी ९ जिल्ह्यांत फिरले. त्यांचा अहवाल पुढे कित्येक दशकं दडवून ठेवला गेला. संस्थानभर मिळून २७,००० ते ४०,००० माणसं मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज. सर्वांत जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेडला लागली. औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांत मिळून निदान ५,००० बळी गेले, असं त्यांनी नोंदवलं. या आकड्यांवर वाद घालणारे घालोत. माझं लक्ष जातं ते अहवालातल्या दुसऱ्या नोंदीकडे: खून आणि लुटालुटीच्या जोडीनं घरं आणि जमिनीही बळकावल्या गेल्या.

वाचलेली माणसं हैदराबाद शहरात गेली, काही औरंगाबादला, काही तालुक्याच्या गावी नातलगांकडे. पाकिस्तानात गेलेले त्यांतले थोडे. हा फरक महत्त्वाचा आहे. जो देश सोडून गेला त्याच्यासाठी १९५० चा निर्वासित मालमत्ता व्यवस्थापन कायदा होता. त्याची मालमत्ता सरकारी कस्टोडियनकडे जायची. म्हणजे ती त्याच्या हातून जायची, पण निदान कागदावर तिची नोंद तरी व्हायची. जो केजहून निघून हैदराबादच्या एखाद्या गल्लीत भाड्यानं राहिला, तो या व्याख्येत बसत नव्हता. त्याच्या रानाची राखण करायला ना कस्टोडियन, ना कोर्ट, ना पटवारी. कायद्याच्या दृष्टीनं तो विस्थापित नव्हताच; घरी नसलेला शेतकरी, एवढीच त्याची ओळख.

नेमक्या याच वेळी मराठवाड्यात जमिनीचे हक्क नव्यानं लिहिले जात होते. हा योगायोग किती महागात पडला याचा हिशेब कुणी केलेला नाही. निजामी राजवटीत पट्टेदारांच्या नोंदी होत्या, पाहणीपत्रकं होती. हक्कनोंदीसाठी स्वतंत्र कायदा आला तो १३५८ फसलीत. फसली सनाचा हिशेब करा, म्हणजे १९४८ च्या ऑक्टोबरपासूनचं वर्ष. ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिऱ्या खालसा झाल्या. जून १९५० मध्ये हैदराबाद कूळ कायदा लागू झाला आणि ‘संरक्षित कूळ’ हा दर्जा आला. १९५४-५५ मध्ये खासरापत्रक तयार झालं. आजही बीडच्या कुठल्याही जुन्या वादात वकील पहिल्यांदा हेच विचारतो: खासऱ्याची नक्कल आहे का? या जिल्ह्यातल्या जमिनीचा पाया त्या कागदावर आहे, आणि तो कागद लिहिला गेला तेव्हा एक समाज शिवारात नव्हता.

ज्यांनी असं पत्रक हाताळलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आडवा मोठा कागद, कडा मोडलेल्या, शाई तपकिरी पडलेली. एका रकान्यात सर्व्हे नंबर, पुढे क्षेत्र आणि आकार. मग पट्टेदाराचं नाव, आणि त्याच्या शेजारी प्रत्यक्ष कब्जा कुणाचा त्याचं नाव. बहुतेक ओळींत दोन्ही रकान्यांत एकच नाव असतं. काही ओळींत पट्टेदार एका धर्माचा आणि कब्जेदार दुसऱ्या धर्माचा. शेऱ्याच्या रकान्यात कधी ‘बटाईने’, कधी ‘खरेदी’, आणि बऱ्याचदा काहीच नाही. मी त्या मोकळ्या शेऱ्यासमोर बरीच वर्षं बसलो आहे. तिथं खरा सौदा झाला असेल, पैसे मोजून दिले असतील, सौदाचिठ्ठी कुठेतरी पेटीत असेल. किंवा बटाईनं दिलेलं रान मालक आलाच नाही म्हणून ठेवून घेतलं असेल. किंवा याहून वाईट काही. तिन्ही गोष्टी कागदावर सारख्याच दिसतात.

कूळ कायद्यातही हेच. संरक्षित कूळ ठरायला मुख्य कसोटी सलग सहा वर्षांच्या वहिवाटीची. ‘सलग’ या अटीत हंगाम सुटलेला चालत नाही. एखादा मुसलमान किंवा दलित कूळ सहा वर्षं कसत असला आणि मधल्या दंगलीत एक खरीप गावाबाहेर काढावा लागला, तर पुढची वहिवाट दुसऱ्याच्या नावे सुरू. दलितांचं इथं मुद्दाम नाव घेतलं, कारण निजामाच्या शेवटच्या काळात काही ठिकाणी त्यांना सरकारी पडीत जमिनी मिळाल्या होत्या. सत्ता बदलल्यावर त्यांच्यावर ‘निजामाची माणसं’ असा शिक्का बसला आणि त्या जमिनी हातून गेल्या. १९५३ मध्ये मराठवाड्यात शेड्युल्ड कास्ट फेडरेशननं पडीत जमिनींसाठी सत्याग्रह केला, त्याच्या पाठीमागे हाही इतिहास आहे.

आता कुणी म्हणेल, मालक गैरहजर होता तर परत येऊन दावा का लावला नाही? त्यासाठी मुदतीच्या कायद्यात थोडं शिरावं लागेल. कंटाळू नका, पुढची सगळी गोष्ट यात आहे.

आजचा मुदतीचा कायदा १९६३ चा. दुसऱ्याचा कब्जा मालकीच्या विरुद्ध सुरू झाल्यापासून बारा वर्षांत दावा केला नाही, तर दावाच नव्हे, खुद्द मालकी हक्क संपतो, कलम २७. ही मुदत कुणासाठी थांबते? अज्ञान मुलासाठी, वेडसर माणसासाठी, कलम ६. घाबरलेल्या माणसासाठी थांबत नाही. शिवाय कलम ९ म्हणतं, मुदत एकदा चालू झाली की नंतर आलेली कुठलीही अडचण तिला थांबवू शकत नाही. याचा अर्थ काय होतो बघा. दंगलीत बाप मारला गेला आणि त्यानंतर रान बळकावलं, तर चार वर्षांच्या पोराला सज्ञान झाल्यावर तीन वर्षं मिळतात. पण रान आधी बळकावलं आणि बाप नंतर, समजा कॅम्पात कॉलऱ्यानं, गेला तर मुदत बापाच्या हयातीतच सुरू झालेली. पोराचं लहानपण त्यात मोजलं जात नाही. दोन शेजारच्या घरांतली दोन अनाथ मुलं. एकाला हक्क, दुसऱ्याला नाही.

लवकर दाद मागायचे मार्ग आहेत, नाही असं नाही. विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली मालकी सिद्ध न करताही ताबा परत मागता येतो. मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडेही जाता येतं. दोन्हीकडे मुदत सहा महिने. सहा महिन्यांत दंगलीतून पळालेला माणूस शाळेच्या आवारातून नातेवाइकाच्या ओसरीवर पोचलेला असतो. रेशनकार्ड जुन्या गावचं, सातबारा ट्रंकेत आणि ट्रंक जळालेल्या घरात. गावात साक्षीला येणारा माणूस हवा, आणि गावात राहणारा माणूस साक्षीला कसा येईल?

पुढची तारीख २७ जुलै १९७८. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळानं केला आणि मराठवाडा पेटला. दलित वस्त्या जाळल्या गेल्या, नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळे यांना मारलं, शेकडो गावांतून माणसं रानावनात, तालुक्याला, शहरात पळाली. बीडही त्यात होतं. नामांतराचा इतिहास १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत आपण तारखांसकट सांगतो. जमिनीच्या अंगानं तो क्वचितच सांगितला जातो, कारण पळालेल्या बहुतेकांच्या नावावर जमीनच नव्हती. त्यांच्याकडे गायरान होतं.

गायरान कसणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर येत नाही. ते येतं गाव नमुना १-ई मध्ये, म्हणजे अतिक्रमणाच्या नोंदवहीत. तहसीलकडून दंड लागतो आणि दंडाची पावती मिळते. बाकी जगात दंडाची पावती माणूस लपवतो. आमच्याकडे लोक ती प्लास्टिकच्या पिशवीत, देव्हाऱ्यामागे जपून ठेवतात. कारण ‘मी या वर्षी या गटात कसत होतो’ याचा तो एकमेव सरकारी पुरावा. सरकारनं गुन्हेगार ठरवलेला माणूस त्याच कागदावर हक्क मागतो. मला यात विनोदही दिसतो आणि भूमिहीनांचं शहाणपणही.

या लोकांच्या नशिबात १९७८ हे साल कसं आलं ते पाहा. २७ डिसेंबर १९७८ च्या शासन निर्णयानं १ एप्रिल १९७२ ते ३१ मार्च १९७८ या काळातली शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. मार्चमध्ये जो गायरानात होता तो पात्र. पण मधल्या जुलै-ऑगस्टमध्ये तोच माणूस गावातून हाकलला गेला असेल तर? डिसेंबरनंतर तलाठी पाहणीला आला तेव्हा तिथं कुणाची जनावरं चरत होती, कुणाचा नांगर चालला होता? पुढचा निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ चा. त्याची मुदत १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९०, म्हणजे बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाच्या सुरुवातीपर्यंत. दुसरी संधी चांगली होती, परतलेल्यांना तिचा फायदा झालाही. जे मुंबईच्या झोपडपट्टीत किंवा कारखान्याच्या फडावर गेले आणि परतलेच नाहीत, त्यांना नाही. शासन निर्णयांत हिंसाचाराचा उल्लेख नाही. असायला हवा होता, असं मी इथं जाहीरपणे म्हणतो.

या जिल्ह्यात गायरानाच्या लढ्याला ज्यांनी कणा दिला ते एकनाथ आवाड. दुकडेगावचे, पोतराजाच्या घरात जन्मलेले. मानवी हक्क अभियानाच्या त्यांच्या कामाचं मर्म मला असं दिसतं, की त्यांनी लोकांना रानातून हलू दिलं नाही. बहिष्कार पडला, मारहाण झाली, पीक मोडलं, तरी पेरायचं. ही नुसती हिंमत नव्हती, कायद्याची समज होती. हलला की हक्क संपला. पण त्याची किंमत काय, तर माणसानं मार खात तिथं उभं राहायचं. हक्क टिकवण्यासाठी जीव धोक्यात घाला, असं ज्या व्यवस्थेत सांगावं लागतं त्या व्यवस्थेबद्दल काय बोलायचं! मे २०२० मध्ये केज तालुक्यात मांगवडगावच्या शिवारात जमिनीच्या वादातून एका पारधी कुटुंबातल्या तिघांचा खून झाला. तेव्हा टाळेबंदी होती.

टाळेबंदीवरून आठवलं. मुदत थांबवता येतच नाही, कायद्याचा डोलारा कोसळेल, असं मला अनेक विद्वान मित्रांनी ऐकवलं आहे. सर्वोच्च न्यायालयानं १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सगळा काळ मुदतीतून वगळला. सगळ्या देशासाठी, सगळ्या दाव्यांसाठी. कारण लोक कोर्टापर्यंत पोचू शकत नव्हते. डोलारा जागेवर आहे. साथीमुळे घरात अडकलेल्या माणसाचा वेळ मोजायचा नाही आणि जमावामुळे घराबाहेर फेकलेल्या माणसाचा मोजायचा, या भेदाला कुठलं तत्त्व आहे?

श्रीलंकेनं हे केलं. २०१६ च्या कायद्यानं १ मे १९८३ ते १८ मे २००९ हा यादवीचा काळ, ज्यांना त्या संघर्षामुळे आपल्या जमिनीसाठी दाद मागता आली नाही त्यांच्याविरुद्ध, मुदतीतून वगळला. कोलंबिया आणखी पुढे गेला. तिथल्या २०११ च्या कायद्यानुसार १ जानेवारी १९९१ नंतर हिंसाचारामुळे जमीन गेली असेल आणि विस्थापितानं तेवढं प्राथमिक दाखवलं, तर पुढचा भार समोरच्यावर. उलट टोकाला सीरिया. २०१८ च्या दहाव्या क्रमांकाच्या कायद्यानं पुनर्विकासाच्या भागात मालकी सांगायला आधी तीस दिवस दिले. ओरड झाल्यावर वर्ष केलं. अर्धा देश परागंदा असताना! आपल्याकडेही काश्मीरमधून बाहेर पडलेल्यांच्या मालमत्तेसाठी १९९७ चा कायदा आहे. जिल्हादंडाधिकारी तिची जबाबदारी घेतात, संकटातली विक्री परवानगीशिवाय होत नाही. म्हणजे कल्पना परकी नाही. ती मराठवाड्याला कधी लावली नाही, एवढंच.

एक गैरसमज होऊ नये म्हणून सांगतो. १९४८ चे सौदे आज उकरून काढा, असं मी म्हणत नाही. ज्या रानात आज तिसरी पिढी कसते आहे, ज्यावर विहीर खोदली, कर्ज काढलं, पोरीचं लग्न केलं, त्या कुटुंबाला आजोबांच्या गुन्ह्यासाठी उठवणं हा नवा अन्याय होईल. शिवाय त्यातल्या अनेकांच्या आजोबांनी गुन्हा केलाच नव्हता, रास्त पैसे मोजले होते. मला काळजी पुढच्या वेळेची आहे. हजेरी मोजायची यंत्रं आता आणखी धारदार झाली आहेत. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून मोबाईलवर पिकाचा फोटो काढायचा, जागेचे अक्षांश-रेखांश त्यात नोंदले जातात. सोय चांगली आहे. पण जो गावात पाऊल टाकू शकत नाही त्याच्या गटाची नोंद काय होणार? पडीक. दोन-तीन हंगाम पडीक दिसलं की विमा नाही, अनुदान नाही, आणि शेजाऱ्याच्या नजरेत ते रान मोकळं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. एखाद्या गावात दंगल, बहिष्कार किंवा जातीय हल्ला झाला आणि कुटुंबं बाहेर पडली, की तहसीलदारानं त्या दिवसापासून त्या कुटुंबांच्या गटांवर कब्जाबदलाची कुठलीही नोंद प्रमाणित करू नये. पीक पाहणीत ‘मालक हिंसाचारामुळे बाहेर’ असा शेरा घालायची सोय करावी. त्या काळातलं खरेदीखत दुय्यम निबंधकानं जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेऊ नये. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे हक्कनोंदीतली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते; या काळातल्या नोंदींना ते गृहीतक लागू होऊ नये. अनुसूचित जाती-जमातींच्या बाबतीत तर नवा कायदाही लागत नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात जमीन बळकावणं हा गुन्हा आहे आणि त्याच्या १९९५ च्या नियमांत जमीन परत मिळवून देण्याची तरतूद आहे. आमच्या खटल्यांत मारहाणीची कलमं लागतात, आरोपी आत जातात, बाहेर येतात. जमिनीचं कलम एफआयआरमध्ये लिहायचं राहून जातं.

शेवटचा मुद्दा इथल्या रेकॉर्ड रूमचा. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दफ्तरं उघडली गेली. जी गाठोडी अनेक वर्षांत कुणी सोडली नव्हती ती सुटली; मोडी, उर्दू, फारसी वाचणारी माणसं शोधून आणली. मराठा आरक्षणाच्या त्या राजकारणाबद्दल तुमची-माझी मतं काहीही असोत, एक गोष्ट त्यातून सिद्ध झाली: सरकारच्या मनात आलं की कागद सापडतो, वाचणारा सापडतो आणि पैसाही सापडतो. त्याच दफ्तरांच्या शेजारी १३५८ फसलीच्या आसपासची पाहणीपत्रकं आणि पटवाऱ्यांचे जबाब आहेत. त्यांचीही गावनिहाय सूची करावी, स्कॅन करावीत आणि साध्या अर्जावर कुणालाही नक्कल मिळावी. उर्दू वाचणारे शिक्षक बीड शहरात आहेत, अंबाजोगाईत आहेत. त्यांना मानधन द्यावं. जे आजोबा केजहून हैदराबादला गेले त्यांच्या नातवाला जमीन परत मिळणार नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. त्याला एवढंच बघायचं असतं, की त्या वर्षी त्या गटापुढे कुणाचं नाव होतं. ही नक्कल मागायला आल्यावर त्याला तीन टेबलं फिरायला लावू नका.